आदुल्तेरिओ या शब्दाबाबत खुलासा

तो शब्द मी स्वतः हात वर करून मागून घेतला, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की हा विषय तुमच्या गळ्यात कुणी मारला. कुणीही मारला नाही. गळा मीच पुढे केला होता.

आमच्या संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात आम्ही दहाजण. वर्ष संपताना घरच्यांना बोलावून एक छोटा कार्यक्रम करायचा असं बाईंनी ठरवलं. प्रत्येकानं एक लॅटिन शब्द घ्यायचा आणि तो स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज अशा लॅटिनच्या मुलींच्या घरी कसा नांदतो, ते पंधरा मिनिटांत सांगायचं. बाईंनी फळ्यावर दहा शब्द लिहिले. पाव, दूध, पाणी, रात्र हे सोपे सोपे शब्द पहिल्या बाकावरच्यांनी पटापट उचलले. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ‘दात’ घेतला, ज्यात मला तरी कल्पनाशक्ती दिसली नाही. मी शेवटच्या बाकावर बसतो, कारण मला जवळचं नीट दिसत नाही. लांबचं मात्र स्वच्छ दिसतं, आणि मला लांबून स्वच्छ दिसलं ते ‘अदुल्तेरियुम’.

आता यात माझी चूक काय ते तुम्हीच सांगा. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी करतो. दुधात पाणी, मधात साखरेचा पाक, कॉफीत चिकोरी, हे शोधून काढणं हे माझं काम. आमच्या प्रत्येक छापील फॉर्मच्या डोक्यावर ‘अ‍ॅडल्टरेशन’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. तो शब्द मी बायकोच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिलेला आहे. तेव्हा फळ्यावर त्याची आजी दिसल्यावर मी हात वर केला, उभा राहिलो आणि म्हणालो, "हा मला द्या. या विषयात माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे."

बाईंनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आदरानं ठेवला. त्या समजुतीत मी पुढे असंही सांगितलं की माझं हे रोजचं काम आहे, दहा ते पाच, आणि गरज पडली तर सुट्टीच्या दिवशीही बोलावणं येतं.

बाई फार सभ्य. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की शब्द एकाच घराण्यातला आहे हे खरं, पण स्पॅनिशमधल्या ‘आदुल्तेरिओ’चा अर्थ भेसळ नाही. लग्नाच्या नवऱ्यानं किंवा बायकोनं बाहेर दुसऱ्या कुणाशी संबंध ठेवणं, असा आहे. तुम्हाला बदलून हवा आहे का, ‘टाच’ अजून शिल्लक आहे, असंही त्या म्हणाल्या.

शहाण्या माणसानं टाच घेतली असती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि शब्द परत केला तर मनात काहीतरी असल्यासारखं दिसेल असं मला वाटलं. म्हणालो, नको, हाच असू दे. एवढ्या एका वाक्यापायी पुढचे तीन आठवडे गेले.

मी घरी चालत येतो, डॉक्टरीणबाई गाडीनं येतात. मी जिन्यापाशी पोचलो तेव्हा बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचून परत खाली निघाली होती. बायको जेवणाच्या टेबलावर गणिताचे पेपर तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवते. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं लाल पेन खाली न ठेवता ऐकलं आणि हसली. मी जरा गंभीर होऊन म्हणालो की लोक काय वाटेल ते बोलतील, तुझ्या मनात तसं काही येऊ देऊ नकोस.

"तुमच्याबद्दल?" ती म्हणाली. "छे. तुम्हाला नाही जमायचं ते."

आणि तिनं कुणाच्या तरी भागाकारावर काट मारली.

आता हे चांगलं झालं की वाईट, यावर मी दोन दिवस विचार करत होतो. नवऱ्यावर विश्वास असावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विश्वासाचे प्रकार असतात. हा माणूस करणार नाही हा एक विश्वास, आणि याच्याच्यानं होणार नाही हा दुसरा. दुसऱ्या प्रकारचा विश्वास मनाला फार लागतो. आरशात बघून झालं. केस विंचरून झाले. मी अगदीच काही टाकाऊ नाही.

वरच्या मजल्यावरचे वकील दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून खाली आले. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला पहिला सल्ला दिला, की कागदावर काही लिहू नका. मी म्हटलं, मला पंधरा मिनिटं बोलायचंय, टिपणं तर काढावी लागतील. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हा एक शब्द आहे, मी त्याचा अभ्यास करतोय, असं मी पुन्हा समजावलं. त्यावर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की त्यांचे सगळे अशील सुरुवातीला असंच काहीतरी सांगतात. एकजण तर वर्षभर सांगत होता की तो पोहायला शिकतोय. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात गाठून मला आयती व्युत्पत्ती दिली. त्यांच्या मते हा शब्द ‘अ‍ॅडल्ट’वरून आला, कारण ही लहान मुलांची भानगड नाही, प्रौढांची आहे. मला ती पटली. दोन दिवसांत मी ती चार जणांना सांगितलीही.

तिथूनच वाचनालयाचं प्रकरण सुरू झालं. खात्री करून घ्यावी म्हणून मी मोठ्या वाचनालयात गेलो. शब्दांची कुळं सांगणारे जाडे कोश तिथे आतल्या दालनात ठेवतात, आणि आत जायला एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्ममध्ये ‘विषय’ आणि ‘वाचनाचा हेतू’ असे दोन रकाने. हेतूसाठी फक्त दोन पर्याय होते, ‘संस्थेच्या कामासाठी’ आणि ‘वैयक्तिक’. मी प्रामाणिक माणूस. विषय : व्यभिचार. हेतू : वैयक्तिक. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला, मग माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वैयक्तिक हेतू असेल तर नोकरीच्या ठिकाणचं शिफारसपत्र लागतं असं सांगितलं. वैयक्तिक गोष्टीला साहेबांची शिफारस कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण माझ्या मागे रांग होती आणि रांगेतले लोक फॉर्म वाचायचा प्रयत्न करत होते.

म्हणून मी कार्यालयात रीतसर अर्ज दिला. ‘विषय : व्यभिचार या विषयाच्या अभ्यासासाठी शिफारसपत्र मिळणेबाबत.’ अर्ज आस्थापना शाखेत गेला.

आमच्या आस्थापना शाखेच्या हेडक्लार्कना सगळं कार्यालय पाठीमागे ‘खुलासा’ म्हणतं. उशीर झाला, खुलासा द्या. लवकर गेलात, खुलासा द्या. एकदा घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांनी घड्याळ लावणाऱ्या कंपनीकडून खुलासा मागवला होता. उंच, वाळकुडे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, कुणाशी जास्तीचं बोलणं नाही. दुपारचा डबा एकटे खातात आणि खाताना मागच्या वर्षीची परिपत्रकं वाचतात. त्यांच्याकडून मला चौथ्या दिवशी पत्र आलं. ‘आपण आपल्या अर्जात आपल्या व्यभिचारविषयक अभ्यासाची कबुली दिली आहे. सदर अभ्यास कार्यालयीन वेळेत चालतो किंवा कसे, तसेच त्यात सहभागी अन्य व्यक्ती याच कार्यालयातील आहेत किंवा कसे, याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’

मी उत्तर लिहिलं की अभ्यास संध्याकाळी सहा ते साडेसात चालतो. कार्यालयातलं कुणीही त्यात नाही. संबंध फक्त स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज, रुमानियन आणि कातालान यांच्याशी आहे. पत्र पाठवल्यावर मला फार मोकळं वाटलं. वकील म्हणाले की आता त्यांचा नाइलाज आहे.

दुसरं पत्र घेऊन शिपाई आला नाही. हेडक्लार्क स्वतः आले. दुपारची वेळ होती, प्रयोगशाळेत मी एकटाच होतो, आणि समोर दुधाच्या अठरा बाटल्या रांगेत मांडलेल्या होत्या. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. परकीय नागरिकांशी असलेल्या संबंधांसाठी मी पूर्वपरवानगी घेतली होती काय, अशी विचारणा त्यात होती. मी वाचून मान वर केली तरी ते तिथेच उभे. बाटल्यांकडे बघत त्यांनी विचारलं की यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं. मी म्हटलं, नुसतं बघून कळत नाही, म्हणून तर आम्ही आहोत. मग त्यांनी दार ओढून घेतलं.

"तुमचा या विषयाचा अभ्यास आहे म्हणून विचारतो," ते म्हणाले. "हे कार्यालयीन नाही."

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे थोडक्यातच सांगतो. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोनं एका संध्याकाळी त्यांना समोर बसवून सांगितलं की तिचे दुसऱ्या एका माणसाशी संबंध होते, सहा महिने होते, आणि आता ते संपले आहेत. कुणाकडून कळायच्या आत तिनं स्वतः सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि उठून दिवाणखान्यातला बल्ब बदलला, कारण तो आठवडाभर लुकलुकत होता. त्यानंतर तो विषय त्यांच्या घरात पुन्हा निघाला नाही. भांडण झालं नाही, रडणं झालं नाही, कुणी घर सोडलं नाही. ती स्वयंपाक करते, ते भांडी आवरतात. कोण होता, का झालं, का संपलं, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. जगातल्या प्रत्येकाकडून खुलासा मागणाऱ्या या माणसानं घरी एकदाही तो मागितला नव्हता.

माझ्या हातात दुधाची घनता मोजायची काचेची नळी होती. ती कुठे ठेवावी ते मला सुचेना.

त्यांनी विचारलं, "एकदा मिसळलं की ते परत निघतं का हो?"

आता या क्षणी मला म्हणता आलं असतं की साहेब, मला यातलं काही कळत नाही, मी एका शब्दावर पंधरा मिनिटं बोलणार आहे आणि तेही चुकून. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला जाणकार समजून काही विचारत होतं. मी नळी हळूच खाली ठेवली, आणि जसं काही हे वाक्य सव्वीस वर्षं मुरत ठेवलेलं होतं अशा आवाजात म्हणालो, "सापडतं, साहेब. काढता येत नाही. आजवर आम्ही एकही नमुना शुद्ध करून परत पाठवलेला नाही."

त्यांनी मान हलवली, खिशाच्या पेनाचं टोपण नीट बसवलं आणि गेले. मला वाक्य फार आवडलं होतं. मी ते एका पाठकोऱ्या कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं, कार्यक्रमात वापरायला.

दोन दिवसांनी टपाल शाखेतल्या बाईंनी सांगितलं की हेडक्लार्कनी बदलीचा अर्ज केलाय. सगळ्यात लांबच्या शाखेत, जिथे कुणी मागून जात नाही. निवासाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘एकट्यासाठी’.

त्या दिवशी मी जेवलो नाही नीट. बायकोनं दोनदा विचारलं, तेव्हा मी नाव न घेता सगळं सांगितलं. नावाची गरजच नव्हती, खुलाशाची पत्रं तिनं वाचली होती, बल्बपाशीच तिच्या लक्षात आलं असावं. मी बोललेलं वाक्य मात्र सांगताना माझा आवाज लहान झाला. पेपर तपासून संपले होते, तरी लाल पेन तिच्या हातात होतं.

"उत्तर चुकलंय तुमचं," ती म्हणाली. "त्यांनी दुधाचं विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, पण तत्त्व तेच. ती म्हणाली की तत्त्व बाटलीतल्या वस्तूला लागू पडतं, कारण बाटली दुसऱ्या दिवशी उठून आपल्यासाठी स्वयंपाक करत नाही. अकरा वर्षं जी बाई रोज त्या घरात राहिली, ती काय अकरा वर्षांपूर्वीचा नमुना आहे का, असं तिनं विचारलं. मग म्हणाली की रविवारी त्यांच्याकडे जाऊन ते उत्तर मागे घेऊन यायचं. ती बरोबर येणार होती, कारण मी एकटा गेलो तर पुन्हा काहीतरी चांगलं वाक्य बोलेन, अशी तिला भीती होती.

शनिवारी शिफारसपत्राशिवायच मला कोश मिळाला, कारण खिडकीवर त्या दिवशी वेगळ्या बाई होत्या आणि त्यांनी फॉर्म न वाचताच शिक्का मारला. तीन तास मी आत बसलो. डॉक्टरीणबाईंचा ‘अ‍ॅडल्ट’ पहिल्या पाच मिनिटांतच गेला. तो वाढण्यावरून आलेला, याचा त्याचा काही संबंध नाही. ज्या चौघांना मी सांगून बसलो होतो त्यांची मला आठवण झाली. फ्रेंचांनी तर हा शब्द वापरून वापरून इतका झिजवला होता की त्याचं पार ‘अवूत्र’ झालं होतं. मग विद्वानांनी त्याला धरून आणलं आणि लॅटिनमधला जुना गणवेश पुन्हा अंगावर चढवला. बाकीच्या बहिणींनी तो कपाटातून काढल्यासारखा जवळजवळ कोरा ठेवलाय. पण मूळ कुठलं, तर बहुतेक विद्वानांच्या मते ‘आल्तेर’. म्हणजे दुसरा. दुसऱ्याकडे वळणं, आणि त्यावरून बदलून टाकणं, बिघडवणं. आमच्या फॉर्मवरची भेसळ त्याच ओळीत पुढे उभी होती. आपला ‘व्यभिचार’ तर नुसत्या चालण्यावरून आलाय, वाट सोडून चालण्यावरून. इतक्या भाषांनी मिळून या गोष्टीला नाव ठेवताना एकीनंही त्यात ‘पाप’ हा शब्द घातला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

रविवारी सकाळी आम्ही हेडक्लार्कच्या घरी गेलो. तळमजल्यावरचं छोटं घर, खिडकीत शिवणयंत्र, आणि दाराशी हातानं रंगवलेली पाटी : ‘कपडे ऑल्टर करून मिळतील’. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. गोल चेहऱ्याच्या, गळ्यात मोजपट्टी, ओठांत तीन टाचण्या. हेडक्लार्क आतल्या खुर्चीत, वरची गुंडी रविवारीही लावलेली. मला बघून ते उभे राहिले आणि पांढरे पडले. मी काय सांगायला आलोय आणि त्यांच्या बायकोला किती कळणार आहे, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मी घरून दोन वाक्यं पाठ करून आलो होतो. ती उंबऱ्यातच विसरलो. घाबरलो की मला माहिती द्यायची सवय आहे. समोर पाटी होती, म्हणून मी वहिनींना सांगायला लागलो की हा ‘ऑल्टर’ शब्द किती जुना आहे, लॅटिनमध्ये ‘आल्तेर’ म्हणजे दुसरा, त्यावरून बदल करणं, आणि गंमत म्हणजे याच शब्दावरून, असं म्हणेपर्यंत मी कुठे येऊन पोचलोय ते मला कळलं. बायकोनं माझी बाही ओढली. उशीर झाला होता. वहिनींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून यंत्रावरच्या छोट्या उशीत खोचल्या.

"याच शब्दावरून काय?" त्यांनी विचारलं.

त्या घरात त्या वेळी शिवणयंत्राची सुई सोडून हलण्यासारखं काही नव्हतं, आणि तीही थांबलेली होती. मी हेडक्लार्ककडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग मी शब्द सांगितला, अर्थासकट. आणि त्याच दमात हेही सांगितलं की मी साहेबांना चार दिवसांपूर्वी एका प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं, तेही माहीत नसताना, आणि ते मागे घ्यायला आलोय. मला दुधातलं कळतं. माणसांतलं नाही.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. त्यांना रडू येईल असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या होत्या.

"या गृहस्थांना विचारलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी उत्तर तयार ठेवून बसलेय. आणि विचारलंत ते प्रयोगशाळेत?"

हेडक्लार्कनी वरची गुंडी काढली. बस, एवढंच केलं. मग म्हणाले, "मला वाटलं, विचारलं तर तू जाशील."

"आणि मला वाटलं, तुम्हाला पडलेलीच नाही."

माझ्या बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. दार आमच्यामागे आम्हीच लावलं. फाटकापर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते, आधी वहिनींचा, मग दोघांचे एकदम. आत चांगलंच जुंपलं होतं.

कार्यक्रम पुढच्या शनिवारी दुपारी झाला. ‘दात’ पंचवीस मिनिटं चालला. माझी पाळी आली तेव्हा मी लिहून ठेवलेलं ते चांगलं वाक्य गाळलं, आणि ते गाळल्यावर असं दिसलं की बाकीचं सगळं भाषण त्या वाक्याला टेकवून उभं केलेलं होतं. सहा भाषांतला शब्द सांगितला, अवूत्रची फजिती सांगितली, ‘अ‍ॅडल्ट’बद्दल जाहीर माफी मागितली, आणि सात मिनिटांत खाली बसलो. मागच्या रांगेत हेडक्लार्क आणि वहिनी येऊन बसले होते. वकिलांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की ते दोघं बाहेर व्हरांड्यात कुठल्या तरी जुन्या गोष्टीवरून भांडत होते, प्रकरण हाताशी येईलसं दिसतं. मी हेडक्लार्ककडे बघितलं. चेहरा ओढलेला, डोळे लाल, रात्रभर झोप नसलेल्या माणसासारखे. पण टपाल शाखेतल्या बाईंनी शुक्रवारीच सांगितलं होतं की बदलीचा अर्ज त्यांनी परत घेतलाय, आणि त्याचं कारण कुणी विचारलं तर ते देत नाहीत.

परतताना आम्ही बसथांब्यावर बसलो. ऊन उतरलं होतं, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. बायको म्हणाली की भाषण चांगलं झालं, लहान झालं म्हणून चांगलं झालं. मला बरं वाटलं. मी म्हटलं, बघ, तीन आठवडे सगळी इमारत आणि सगळं कार्यालय एका प्रश्नात गुंतलं होतं की मी तसं काही केलं की नाही. आणि तुझा एकटीचाच माझ्यावर विश्वास होता.

ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"माझ्याबद्दल कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली.

मी हसलो. मग तिच्याकडे बघितलं आणि हसू कुठे ठेवायचं ते मला कळेना.

तिनं शांतपणे सांगितलं की एक वर्ष असं होतं, की ती एका माणसाचा रोज विचार करायची. झालं काही नाही. पण होऊ शकलं असतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. पंधरा वर्षं झाली त्याला.

एक बस आली, थांबली, गेली. माझ्या डोक्यात पुष्कळ प्रश्न आले, आणि तोंडातून बाहेर पडला तो त्यातला सगळ्यात फालतू. मी विचारलं, मी ओळखतो का त्याला?

ती म्हणाली, तुम्हीच तर त्याला दर रविवारी बुद्धिबळ खेळायला बोलवायचा.

तो मोजणी खात्यातला माणूस मला आठवला. उंच, अबोल, हसला की एका गालावर खळी पडायची. मी त्याला कच्चा खेळाडू समजायचो. दीड वर्षात माझ्याशी तो एक डाव जिंकला नव्हता, आणि हे मी आजही पाहुण्यांना सांगतो. ते मी तिला म्हटलंही, की तो? तो तर सारखा हरायचा.

"मुद्दाम हरायचा," ती म्हणाली. "तुम्ही जिंकलात की त्याला पुन्हा बोलवायचा."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ ठिकाणी कमी लेखलं गेलंय, पण इतकं खोलवर कुणी पोचलं नव्हतं. त्या दीड वर्षातले सगळे डाव माझ्या डोळ्यांसमोर एकापाठोपाठ एक उलटे पडत गेले. मी गप्प बसलो. गप्प बसणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं. काही करावं लागत नाही. ‘बरं’ म्हणायचं, उठायचं, बस आली का ते बघायचं. आमच्या घरात त्यानंतरही सगळं तसंच चाललं असतं. तिनं पेपर तपासले असते, मी शेवटच्या बाकावर बसलो असतो.

दुसरी बस आली. माझे पाय उठायला लागले होते. मी ते परत जमिनीवर ठेवले.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. आणि मी मधे बोललो तर मला गप्प कर."

तिनं माझ्याकडे बघितलं, मला खरंच ऐकायचंय का ते पाहायला असावं. मग पर्स मांडीवरून उचलून बाजूला ठेवली आणि सांगायला लागली. काही गोष्टी मला माहीत होत्या आणि मी त्या दुसऱ्याच बाजूनं बघितलेल्या होत्या. काही अजिबात माहीत नव्हत्या. दोन ठिकाणी मला फार लागलं. एका ठिकाणी आम्ही दोघंही हसलो, आणि हसल्याचं आम्हालाच नवल वाटलं.

तिसरी बस आली तेव्हा ड्रायव्हरनं दार उघडून आमच्याकडे बघितलं. मी त्याला हातानंच जायला सांगितलं. तिचं सांगून अजून संपलं नव्हतं.